कपात कोणाची, सवलत कोणाला?

पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि हिंजवडीची संगणक-नगरी यांच्या मध्ये ताथवडे वसले आहे. महामार्गालगतच्या उंच इमारतींत भरघोस वेतनाचे अधिकारी राहतात आणि जवळच्याच भाड्याच्या खोल्यांतून भोसरी-चाकणच्या पाळ्या करणारे कंत्राटी कामगार. दोघांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु पगारपत्रकातील एक आकडा दोघांचाही तंतोतंत सारखा असतो. तो म्हणजे व्यवसाय कराचे २०० रुपये. समतेची याहून क्रूर थट्टा कोणती असू शकेल?

हा कर ज्या हेतूने आला तो हेतू उदात्त होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९७२च्या दुष्काळाने होरपळलेल्या महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना प्रत्यक्षात आली आणि तिच्या खर्चाची तरतूद म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. पुढे १९७७ साली खुद्द हमीचाच कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील नियमित पगारदाराने खेड्यातील बेकार शेतमजुराच्या कामाच्या हक्कासाठी काही भार उचलावा, या तत्त्वाला समाजवादी विचाराने हरकत घेण्याचे काहीच कारण नाही. हरकत आहे ती त्या भाराच्या वाटणीस.

महाराष्ट्रात २०१४ पासून पुरुष कामगारास दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत हा कर माफ आहे. १०,००० रुपयांपर्यंत १७५ रुपये आणि त्यापुढे सर्वांना सरसकट २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपयांचा हिशेब होतो. दरमहा १५,००० मिळविणाऱ्या कामगाराच्या उत्पन्नाचा सुमारे १.४ टक्के भाग या कराने जातो. दरमहा ५ लाख घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाबतीत हेच प्रमाण अवघे ०.०४ टक्के पडते. सरकार यावर राज्यघटनेकडे बोट दाखवील. अनुच्छेद २७६ने या कराची कमाल मर्यादा १९५० साली २५० रुपये ठरविली आणि १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली. तेथेच ती आजवर अडकून पडली आहे. मात्र घटनेने बांधली आहे ती वरची मर्यादा. खालची सूट किती असावी हे ठरविण्यास राज्य सरकार पूर्णपणे मोकळे आहे.

याचा पुरावा खुद्द सरकारनेच दिला आहे. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या स्त्रियांना हा कर माफ झाला. हे पाऊल स्वागतार्हच होते. मग त्याच साच्यावर, त्याच वेतनात काम करणाऱ्या पुरुष कामगाराची कर भरण्याची ऐपत अधिक कशी ठरते? १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर लागणार नाही अशी व्यवस्था केली. महिना १ लाखाचा पगारदार आयकरातून सुटला, आणि महिना १०,००१ रुपयांचा मजूर व्यवसाय करात अडकलेलाच राहिला.

कामगाराच्या पगारातील कपात कमी करण्याचा उत्साह सरकारला नाही असे मात्र नव्हे. तो भलत्याच ठिकाणी प्रकट होतो. १ जुलै २०१९ पासून कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणली गेली. कामगाराचा वाटा १.७५ वरून ०.७५ झाला, मालकाचा ४.७५ वरून ३.२५. दरमहा २०,००० वेतनाचा हिशेब मांडला, तर कामगाराचे २०० रुपये वाचले आणि मालकाचे ३००. विम्याच्या निधीतून ५०० रुपये गेले. सवलत कामगाराच्या नावाने जाहीर झाली आणि तिचा मोठा वाटा मालकाच्या तिजोरीत पडला.

२०२० साली टाळेबंदीच्या काळात मे ते जुलै या तीन महिन्यांसाठी भविष्य निर्वाह निधीचा दर मालक व कामगार या दोघांसाठीही १२ वरून १० टक्के करण्यात आला. हातात जादा रोख रक्कम येईल, असे सांगितले गेले. परंतु ती रक्कम कामगाराच्याच म्हातारपणाची होती. विशेष म्हणजे, केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रमांत मालकाचा वाटा १२ टक्केच ठेवण्यात आला. मालकाने आपला वाटा कमी करू नये हे सरकारला कळत होते, हा त्याचा सरळ अर्थ.

मालकाचा वाटा हे औदार्य नसते. अर्थशास्त्राच्या भाषेत ते कामगाराचे लांबणीवर टाकलेले वेतन असते. तो वाटा घटला आणि रोख वेतन त्या प्रमाणात वाढले नाही, तर ती वेतनकपातच होय.

यावर एक आक्षेप घेतला जाईल व तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. राज्य विम्याच्या दवाखान्यात औषध मिळत नाही, रांगेत दिवस मोडतो, रोजंदारी बुडते. मग वर्गणी कशाला, असे अनेक कामगार म्हणतात. महामंडळाकडे निधी शिल्लक राहतो, अशीही पुस्ती जोडली जाते. परंतु रुग्ण ताटकळत असताना निधी शिल्लक राहतो, याचा अर्थ पैसा जास्त झाला असा होत नाही, सेवा कमी पडली असा होतो. प्रेस यंत्राखाली बोटे गमावलेल्या तरुणाला आयुष्यभर जे निवृत्तिवेतन मिळते ते याच निधीतून. वाचलेल्या २०० रुपयांत तसे संरक्षण त्याला कोणत्या बाजारात विकत मिळणार आहे?

भांडवलशाहीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेनेही २०११ व २०१२ साली मंदीवर उपाय म्हणून सामाजिक सुरक्षेची वर्गणी ६.२ वरून ४.२ टक्के केली होती. मात्र ती सूट केवळ कामगाराच्या वाट्यास होती, मालकाचा वाटा कायम राहिला आणि निधीची तूट सरकारी खजिन्याने भरून दिली. आपल्याकडे यांपैकी एकही पथ्य पाळले गेले नाही.

कर आणि वर्गणी यांतील भेद म्हणूनच कामगार चळवळीने नीट पारखून घेतला पाहिजे. कराच्या बाबतीत २५,००० रुपयांपर्यंतची माफी स्त्री-पुरुष सर्वांना मिळावी, आणि अनुच्छेद २७६ची मर्यादा उठवून वरच्या उत्पन्नावर चढत्या दराने व्यवसाय कर बसविण्याची मागणी राज्याने केंद्राकडे लावून धरावी. तसे झाल्यास ग्रामीण रोजगाराचा पैसा आटणार नाही. वर्गणीच्या बाबतीत मालकाचा वाटा पूर्ववत व्हावा आणि ठेकेदाराने पगारातून कापलेली रक्कम निधीत खरोखर भरली की नाही, याची तपासणी मूळ कंपनीच्या दारात व्हावी.

पगारपत्रकातील प्रत्येक कपात अन्यायकारक नसते, तसेच प्रत्येक सवलत ही कृपाही नसते. पुढच्या वेळी कामगारांना दिलासा देण्याची घोषणा होईल, तेव्हा मालकाचे किती वाचले हा प्रश्न कारखान्याच्या दारावर आधी विचारला गेला पाहिजे.