परग्रहावरील पाहुणा भाड्याने का आणावा?

स्नेहसंमेलन जवळ आले की पोशाखांचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक शाळेत हमखास उभा राहतो. राजा, मावळा, परी, शिपाई यांचे पोशाख भाड्याने मिळतात. परंतु यंदा आमच्या नाटुकल्यात परग्रहावरून आलेला एक पाहुणा होता. त्याच्यासाठी विजय नगरातील दुकाने पालथी घातली, तेव्हा एक चकचकीत हिरवा झगा व प्लास्टिकचा मुखवटा एवढेच हाती लागले. म्हणून हा पाहुणा आपणच फोम व लॅटेक्स यांतून घडवावा असे आम्ही ठरविले. घरोघरी या ठरावास विरोध झाला. 'परीक्षा तोंडावर आली असता हे नसते उद्योग कशाला?' हा त्या विरोधाचा सारांश. या आक्षेपास उत्तर देणे आम्हांस आवश्यक वाटते.

भाड्याचा मुखवटा आपणांस विचार करावयास लावीत नाही. तो नुसता चढवावयाचा असतो. स्वतः करू लागलो की पहिलाच प्रश्न पडतो तो असा, की हा प्राणी असाच का दिसावा? आमच्या पाहुण्याच्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीहून अधिक आहे असे आम्ही मानले. म्हणून त्याचे पाय आखूड व जाड झाले. त्याचा सूर्य मंद आहे असे मानले. म्हणून डोळे मोठे झाले. डॉ. जयंत नारळीकरांची 'प्रेषित' ही कादंबरी आमच्यापैकी काहींनी वाचली होती. कल्पनेला विज्ञानाचा आधार हवा हे वाचून कळले होते. पोशाख करताना ते उमजले.

फोमचे तुकडे गादीवाल्याकडून आणले. सपाट तुकड्यातून वाटोळे डोके कसे करावे? शिंपी कापडाला चुण्या घालतो, तद्वत् फोममधून पाचरी कापून कडा जोडाव्या लागतात. संत्र्याची साल सपाट पसरू पाहिली तर ती फाटते. त्याच भूमितीचा हा उलटा प्रयोग होय. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. त्याचा उग्र वास पहिल्याच दिवशी नाकात भरला. पाणी उडून गेले की रबराचा पातळ पापुद्रा मागे राहतो. पातळ थर द्यावा, तो पुरता वाळू द्यावा, मग दुसरा द्यावा, असा याचा नियम. आम्ही उतावीळपणे एकदम जाड थर दिला. वरून तो वाळला, आतून कच्चा राहिला आणि सारा गाल सोलून निघाला. चार दिवसांची मेहनत वाया गेली. पण घाई का करू नये हे त्या गालाने जितके पटविले, तितके कोणत्याही सुभाषिताने पटविले नव्हते.

ही विद्या पोरखेळ आहे असे कोणी समजू नये. १९५४ साली जपानमध्ये 'गोजिरा' चित्रपट निघाला. त्यातील अक्राळविक्राळ प्राण्याच्या जड पोशाखात हारुओ नाकाजिमा नावाचा नट घामाघूम होऊन चालत असे. २००३ सालच्या 'कोई... मिल गया' मधील 'जादू'च्या पोशाखात इंद्रवदन पुरोहित हे कलावंत होते. पण दूर कशाला जावे? आपल्याच इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तरी कामगारांनी झांकी सोडली नाही. आणि येथलेच चित्रकार विष्णु चिंचाळकर, सर्वांचे 'गुरुजी', वाळलेली पाने, बिया व टाकाऊ वस्तू यांतून आकृती उभ्या करीत. हाताने घडविण्याची परंपरा या गावाला नवी नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आमच्या एका मैत्रिणीच्या हातांना लॅटेक्स लागताच खाज सुटली. रबरातील प्रथिने काहींना सोसत नाहीत. तेव्हापासून तिने फक्त मापे व आखणी सांभाळली. ते काम तिच्याइतके नेटके कोणालाच साधले नसते. रंगीत तालमीत पोशाखाच्या आतील मित्रास गरगरू लागले, कारण फोम अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मग काखेखाली व मानेमागे झरोके पाडले, आणि दहा मिनिटांहून अधिक कोणी आत राहावयाचे नाही असा दंडक घातला. फोम झटकन पेट घेतो व त्याचा धूर विषारी असतो. दिवा व फटाके त्याच्यापासून दूरच हवेत. कामही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली व खिडक्या उघड्या ठेवूनच करावे. राहिलेला चुरा आम्ही उशांत भरला. २०१७ साली देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदुरात आपला कचरा दुसऱ्याच्या दारी टाकणे शोभले नसते.

परीक्षेचे काय? अभ्यासाचे काही रविवार गेले, हे आम्ही कबूल करतो. पोशाखामुळे गुण वाढतील असा दावाही आम्ही करीत नाही. परंतु चूक कबूल करणे, ती दुरुस्त करणे आणि आपल्या कामामुळे दुसऱ्यास इजा होऊ न देणे, हे शिक्षण कोणत्या विषयाच्या तासाला मिळाले असते? पालकांस आमची नम्र विनंती एवढीच, की वेळेची मर्यादा अवश्य घालावी. पण हातातील कात्री काढून घेऊ नये.

संमेलनाच्या रात्री पाहुणा रंगमंचावर आला, तेव्हा त्याचा एक गाल दुसऱ्याहून किंचित फुगीर होता. प्रेक्षकांना ते दिसले नसेल. आम्हांस मात्र दिसले, आणि तोच गाल आम्हांस सर्वांत प्रिय वाटला. भाड्याचा मुखवटा दुसऱ्या दिवशी परत करावा लागतो. स्वतः घडविलेल्या पाहुण्यापासून जे शिकलो, ते आमच्यापाशीच राहिले आहे.