अंड्याला लोकवर्गणी कशाला?

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, न खाणाऱ्याला केळं द्यायचं, असं राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. या माघारीचं समर्थन तीन मुद्द्यांवर होतं.

पहिला मुद्दा भावनांचा. अंड्याने शाकाहारी घरांच्या भावना दुखावतात म्हणे. पण सक्ती कुणावरच नव्हती. शेजारच्या ताटातलं अंडं ज्याला सोसत नाही, त्याने आपल्या ताटात पाहून जेवावं. दुसऱ्याचा घास काढायचा अधिकार त्याला कुणी दिला?

दुसरा मुद्दा असा, की प्रथिनं मटकीतही असतात. असतातच, आणि उसळ ताटात राहायलाच हवी. पण प्राथमिकच्या मुलाला या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा योजनेचाच निकष आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय कडधान्यात नसलेलं ब-१२ जीवनसत्त्वही. आणखी एक गोष्ट: वरणात पाणी वाढवता येतं, अंड्यात नाही. ते मिळालं की नाही, हे पहिलीतलं पोरही सांगतं.

तिसरा मुद्दा पैशाचा. डिसेंबर २०२४ मध्ये प्राथमिकच्या मुलामागे साहित्याचा रोजचा खर्च ६ रुपये १९ पैसे ठरला होता. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं त्यातच. त्यात अंडं बसत नव्हतं, हे खरं. म्हणूनच तर स्वतंत्र तरतूद हवी!

उरला लोकसहभाग. बागायती गावात कुणीतरी पोराच्या वाढदिवसाला शाळेला अंडी देईलही. पण अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर, जिथले आईबाप मजुरीसाठी गाव सोडून जातात, तिथे वर्गणी मागायची कुणाकडे? म्हणजे ज्याला गरज जास्त, त्याच्याच ताटात अंडं नाही. आणि मुख्याध्यापकांनी शिकवायचं, की पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं?

सकस आहाराचे तक्ते भिंतीवर लावून किंवा डब्यातली चटकमटक पाकिटं जप्त करून मुलांना चांगलं खायची सवय लागत नाही. ती लागते पंगतीत, सोबत्यांबरोबर, रोजच्या रोज. तमिळनाडूत सरकारी शाळांतल्या पोरांना शाळेच्या दिवशी अंडं मिळतं, तेही सरकारी खर्चाने. आपण निदान आठवड्यातून दोनदा द्यावं. अंडं न खाणाऱ्यालाही नुसत्या केळ्यावर भागवू नये. केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, त्याला दूध किंवा शेंगदाण्याची चिक्की द्यावी. खरेदी जमेल तिथे गावच्या बचत गटांकडून करावी. आणि हे सगळं दानशूरांच्या मर्जीवर न सोडता अर्थसंकल्पात लिहावं. खिचडीसाठी वर्गणी मागत नाही, मग अंड्यासाठीच का?