टॉकीजला महिन्याचं वेळापत्रक हवं

शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला. मराठी चित्रपटाच्या निर्मात्यांना हे आता पाठ झालं आहे. शनिवार-रविवारी परीक्षणं छापून येतात. बघून आलेले लोक चार जणांना सांगतात आणि ते चार जण पुढच्या सुट्टीचा बेत आखतात. तोवर चित्रपट त्यांच्या गावातून गेलेला असतो. लहान गावातलं एकपडदा चित्रपटगृह आठवड्यावर चालतं. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला बघून पुढच्या शुक्रवारी काय लावायचं ते ठरतं, आणि पुढच्या शुक्रवारच्या पलीकडे काय आहे हे मालकालाही माहीत नसतं आणि प्रेक्षकालाही. मराठी चित्रपटाला प्रेक्षक नाही, असं वरचेवर बोललं जातं. प्रेक्षकाला थिएटरपर्यंत पोचायला वेळच दिला जात नाही, हे मात्र फारसं कोणी बोलत नाही.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ घ्या. 2023 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात या चित्रपटाला नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत तो लागला 7 मार्च 2025 रोजी, म्हणजे जवळपास दीड वर्षानं. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक मिळालं, आणि तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इथे प्रदर्शित झाला. दोन्ही चित्रपट ग्रामीण महाराष्ट्रात घडतात. ज्या गावांची गोष्ट त्यांत आहे, तशा गावांतल्या किती लोकांना ते मोठ्या पडद्यावर बघता आले, हा प्रश्न कोणत्याही पुरस्काराइतकाच महत्त्वाचा आहे.

कोणत्या पडद्यावर काय लागणार आणि किती दिवस टिकणार, हे भांडण जुनंच आहे. 1971 मध्ये दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरमध्ये लागायचा होता आणि त्याला बाजूला सारून देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचं घाटत होतं. शिवसेना रस्त्यावर उतरली, ‘सोंगाड्या’ लागला आणि तुफान चालला. एप्रिल 2015 मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळेत मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं. त्यावरून गदारोळ उठला आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. या दोन्ही प्रसंगांत मागणी रास्त होती. पण आंदोलनानं एका चित्रपटाला पडदा मिळतो आणि सरकारी आदेशानं एक खेळ मिळतो. आपल्या गावाला काय दाखवायचं याचा विचार करणारं थिएटर यांपैकी कशानंही तयार होत नाही.

तो विचार कसा होतो हे बघायला फार लांब जायला नको. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं गाव आहे. आजूबाजूला सुपारीच्या बागा, वस्ती विरळ. के. व्ही. सुब्बण्णा यांनी तिथे उभ्या केलेल्या ‘नीनासम्’ या संस्थेनं 1973 मध्ये फिल्म सोसायटी सुरू केली आणि जगभरातले अभिजात चित्रपट गावकऱ्यांना दाखवले. आधी गोष्ट आणि संदर्भ कन्नडमध्ये समजावायचे आणि मग चित्रपट लावायचा, अशी रीत होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तिथे शिकवायला जात. सोळा मिलिमीटरच्या प्रती फिल्म सोसायट्यांना फिरवायला देण्याची सोय पुण्याच्या संग्रहालयात होती. म्हणजे हेग्गोडूच्या पडद्यामागे पुण्याचा हात होता, आणि पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांना मात्र असा पडदा मिळाला नाही. सुब्बण्णांना 1991 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो प्रामुख्यानं नाटकाच्या कामासाठी. पण खेड्यातल्या माणसाला ‘अवघड’ चित्रपट कळत नाहीत हा समज हेग्गोडूनं कायमचा खोटा ठरवला, ही कामगिरीही त्याच तोलाची आहे.

मुंबईत 1968 मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झालं. सभासदांना महिन्याचा कार्यक्रम आधी कळायचा. कोणता दिवस, कोणता चित्रपट, कोणत्या देशाचा, दिग्दर्शक कोण, हे ठाऊक असल्यामुळे लोक ऑफिसातून सुटून थेट खेळाला पोचायचे. मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’तून त्यावर लिहिलं जायचं. पुण्यात 1985 पासून ‘आशय’नं हेच काम केलं. चित्रपटावर मराठीत गांभीर्यानं लिहिणारे कितीतरी जण या खुर्च्यांवर बसून तयार झाले. पण ही चळवळ मोठ्या शहरांत आणि सभासदांच्या यादीत राहिली. तिकीटबारीवरून तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकापर्यंत ती गेली नाही आणि टॉकीजच्या मालकाला तिचा उपयोग झाला नाही. फिल्म सोसायटीचं वेळापत्रक आणि टॉकीजची तिकीटबारी एका छताखाली आणायला हवी.

महिन्याचं वेळापत्रक म्हणजे नेमकं काय, हे उदाहरणानं सांगायला हवं. तालुक्याच्या गावातलं एक चित्रपटगृह. तिथे नवे हिंदी चित्रपट लागतात ते लागू देत, त्यावरच ते चालतं. फक्त रविवार दुपारी तीनचा खेळ राखून ठेवायचा. वेळ तीनचीच, कारण खेड्यातून आलेल्या माणसाला परतीची एसटी मिळायला हवी आणि बाईमाणसाला दिवे लागायच्या सुमारास घरी पोचता यायला हवं. आता चार रविवार.

पहिल्या रविवारी ‘कुंकू’. 1937 चा, प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी ती अशी उभी केली आहे की आजच्या मुलीलाही ती परकी वाटणार नाही. दुसऱ्या रविवारी जब्बार पटेल यांचा 1982 चा ‘उंबरठा’. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर आधारलेला आणि विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. स्मिता पाटीलची सुलभा भरल्या घरातून बाहेर पडून महिलाश्रमाचं काम पत्करते आणि घराचा उंबरठा परत ओलांडणं किती अवघड असतं ते तिला कळतं. तिसऱ्या रविवारी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 1995 चा ‘दोघी’. लग्नाच्या दिवशीच नवरा मुलगा अपघातात जातो आणि अपशकुनी ठरलेल्या थोरल्या बहिणीला मुंबईला पाठवलं जातं. तिथे तिच्या वाट्याला काय येतं हे गावाला माहीत असतं, तरी गाव गप्प राहतं. चौथ्या रविवारी ‘स्थळ’. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षा द्यायचं म्हणते आहे आणि एकामागून एक पाहुणे येऊन तिला पाटावर बसवून तेच ते प्रश्न विचारत आहेत. सोमलकरांनी हा चित्रपट स्वतःच्याच गावात, बरेचसे नवखे स्थानिक कलाकार घेऊन केला.

1937 ते 2023 हा शहाऐंशी वर्षांचा पट चार रविवारांत उलगडतो. हे चार चित्रपट सुटे सुटे बघणं वेगळं आणि लागोपाठ बघणं वेगळं. नीरापासून सवितापर्यंत काय बदललं आणि काय जागच्या जागी राहिलं, हे कोणी भाषण न देता दिसतं. शेवटच्या खेळानंतर तालुक्यातल्या कॉलेजच्या मुलींनी अर्धा तास बोलावं आणि इतरांनी ऐकावं. घरी मोबाइलवर एकट्यानं बघताना हे होत नाही. शेजारच्या खुर्चीवर सासू बसली आहे आणि मागच्या रांगेत हुंडा घेतलेला मास्तर बसला आहे, हे ‘स्थळ’ बघताना फार महत्त्वाचं ठरतं. चित्रपटगृह वाचवायचं ते याच कारणासाठी.

पुढचा महिना राजकारणाचा करता येईल: ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘कोर्ट’. त्यानंतरचा शाळेतल्या मुलांचा: ‘श्यामची आई’पासून ‘किल्ला’पर्यंत. निवड करणारा माणूस मात्र गावातला हवा. कुठल्या महिन्यात सुगी आहे, परीक्षा कधी आहेत, जत्रा कधी आहे हे ज्याला कळतं, तोच हे नीट करील. फिरत्या तंबू टॉकीजवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जत्रांच्या तारखांवरच आपला धंदा बांधला होता. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात ते जग दिसतं, आणि 2016 मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली.

धंद्याचं काय, हा मालकाचा प्रश्न खरा आहे. वीजबिल, माणसांचे पगार आणि प्रोजेक्टरचा खर्च चुकत नाही. पण समजा, रविवारच्या त्या खेळाला ऐंशी रुपयांच्या तिकिटावर शंभर माणसं आली, तर आठ हजार रुपये जमतात. पंधरा-वीस माणसांवर चालवलेल्या खेळापेक्षा हा हिशोब वाईट नाही. स्वस्त तिकीट आणि आधी जाहीर केलेला कार्यक्रम यांचा मेळ बसतो, हे मोठ्या साखळ्यांनाही कळलं आहे. राज कपूर यांच्या जन्मशताब्दीला, 13 ते 15 डिसेंबर 2024 या तीन दिवसांत, देशातल्या 40 शहरांत 135 चित्रपटगृहांमध्ये त्यांचे दहा चित्रपट दाखवले गेले आणि तिकीट होतं शंभर रुपये. त्याच वर्षी ‘तुंबाड’ पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. लहान थिएटरसाठी ही चांगली संधी आहे आणि ती वाया जाऊ नये.

लहान गावात प्रेक्षकच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी 2016 चा उन्हाळा आठवावा. ‘सैराट’ला झालेली गर्दी आवरेना म्हणून सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला मध्यरात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. प्रत्येक चित्रपट ‘सैराट’ होत नाही हे उघड आहे. पण पहाटे तीनला थिएटरात येणारी माणसं रविवारी दुपारी येणारच नाहीत, असं धरून चालणं हा त्या गावावर अन्याय आहे.

खरी अडचण आहे ती चित्रपट मिळवण्याची. जुन्या चित्रपटाचे हक्क कोणाकडे आहेत ते शोधायचं, परवानगी घ्यायची, मोठ्या पडद्यावर दाखवण्याजोगी डिजिटल प्रत मिळवायची, आणि वर प्रोजेक्शन यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीचं शुल्क भरायचं. एकट्या थिएटर मालकाला हे झेपणार नाही आणि त्यानं ते करावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. हे काम सरकारचं आहे. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपट बनवायला दर्जानुसार लाखांचं अनुदान देतं, पण अनुदान घेऊन तयार झालेला चित्रपट गावोगावी दाखवला जावा यासाठी तशी व्यवस्था नाही. कोलकात्यात 1985 मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं ‘नंदन’ उभं केलं, सत्यजित राय यांनी त्याचं उद्घाटन केलं आणि तिथे आजही स्वस्तात चित्रपट बघता येतात. केरळात राज्याचं चित्रपट महामंडळ स्वतः चित्रपटगृहं चालवतं. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावरचा 10.72 टक्के कर थेट चित्रपटाच्या निधीत जातो, आणि चोखंदळ कार्यक्रम आखणाऱ्या लहान चित्रपटगृहांना मदत देण्याची तिथे पक्की व्यवस्था आहे. पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधली छोटी थिएटरं त्यामुळे टिकली. ज्या राज्यात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, त्या राज्याला तालुक्यापर्यंत जाणारी अशी साखळी अजून उभारता आलेली नाही.

सुरुवात मोठी असायचं कारण नाही. राज्याच्या चित्रपट महामंडळानं वीस-पंचवीस मराठी चित्रपटांचे मर्यादित प्रदर्शनाचे हक्क एकत्र विकत घ्यावेत. पुण्याच्या संग्रहालयानं जपलेल्या आणि दुरुस्त केलेल्या प्रती त्यात असाव्यात. ज्या एकपडदा चित्रपटगृहाला आठवड्याचा एक खेळ राखून ठेवायची तयारी आहे, त्याला त्या नाममात्र दरात द्याव्यात. जिथे टॉकीज बंद पडली आहे तिथे नगरपालिकेचं नाट्यगृह असतं. महिन्यातल्या कितीतरी संध्याकाळी त्याला कुलूप असतं. त्यात चांगला प्रोजेक्टर आणि पडदा बसवणं कोणत्याही नगरपालिकेला अशक्य नाही.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात अजून एखादं थिएटर चालू असेल, तर या आठवड्यात दहा-पंधरा जण मिळून मालकाला भेटा. एक रविवार मागा, चित्रपटाचं नाव सुचवा आणि शंभर तिकिटांची हमी द्या. जमल्यास तिथेच पुढच्या तीन रविवारांच्याही तारखा ठरवा आणि त्या चारही तारखांचा कागद तिकीटबारीवर चिकटवून मगच परत या.