धावपट्टीच्या टोकाला राहणाऱ्यांची झोप

२०१५ साली वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाकडे विमानांच्या आवाजाबद्दल ८,७६० तक्रारी आल्या. त्यांची छाननी झाली तेव्हा त्यातल्या ६,८५२ तक्रारी एकाच घरातून आल्याचं उघड झालं. तक्रार करणारी माणसं दोन. म्हणजे दिवसाला सरासरी अठरा-एकोणीस तक्रारी.

यातून अनेकांनी सोपा निष्कर्ष काढला, की आवाजाचा हा सगळा ओरडा मूठभर हट्टी लोकांचा आहे आणि त्याकडे फार लक्ष द्यायचं कारण नाही. पण हा आकडा उलट्या बाजूनंही वाचायला हवा. एका घराच्या चिकाटीनं यादी इतकी फुगत असेल, तर हजारो घरांच्या गप्प राहण्यानं ती आक्रसतही असणार. तक्रार करायला सवड लागते, कुठे करायची याची माहिती लागते आणि आपलं कुणी ऐकेल असा भरवसा लागतो. ज्यांच्याकडे या तिन्ही गोष्टी नाहीत, त्यांच्या डोक्यावरूनही विमानं जातातच.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली एक जुनी तक्रार कोंबड्यांमुळे झाली होती. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोजवळ थॉमस कॉझबी यांचा कोंबडीपालनाचा व्यवसाय होता. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या विमानतळावर लष्कराची बॉम्बफेकी विमानं उतरू लागली. त्यांचा ठरलेला मार्ग कॉझबींच्या जमिनीपासून अवघ्या ८३ फुटांवरून, घराच्या छपरापासून ६७ फुटांवरून आणि सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यापासून १८ फुटांवरून जात होता. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरत. सुमारे दीडशे कोंबड्या गेल्या, धंदा बंद पडला, घरातल्या माणसांची झोप उडाली. १९४६ साली निकाल लागला. जमिनीचा मालक वरच्या आभाळाचाही मालक, हे जुनं तत्त्व विमानाच्या युगात चालणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. पण इतक्या खालून आणि इतक्या वारंवार विमानं नेणं म्हणजे त्या माणसाची जमीन वापरणंच आहे आणि त्याची भरपाई सरकारनं दिली पाहिजे, हेही त्याच निकालात मान्य झालं. भरपाई मिळण्याजोगं नुकसान तेव्हा मोजता आलं, कारण मेलेल्या कोंबड्या मोजता येत होत्या. मोडलेली झोप मोजणं अवघड असतं, आणि पुढची सगळी भांडणं तिथेच अडलेली दिसतात.

विमान कंपन्या सांगतात, की आजची विमानं पहिल्या जेट विमानांपेक्षा कितीतरी शांत आहेत. ते खरं आहे. पण विमानांची संख्या वाढली आहे, आणि माणूस रात्रभराच्या आवाजाची सरासरी ऐकत नाही. तो प्रत्येक विमान वेगळं ऐकतो, प्रत्येक विमानाला दचकतो. शिवाय उतरताना आवाज फक्त इंजिनाचा नसतो. बाहेर काढलेली चाकं आणि पंखांच्या खाली सोडलेल्या झडपा हवा कापतात, त्याचाही मोठा आवाज होतो.

त्यात उपग्रहांची भर पडली. पूर्वी विमानं थोडी इकडून, थोडी तिकडून जात, त्यामुळे आवाज विखुरला जाई. आता उपग्रहाच्या मदतीनं प्रत्येक विमान नेमक्या त्याच रेषेवरून जातं. बैलगाडीच्या चाकोरीसारखी आकाशात चाकोरी पडते आणि तिच्याखाली ज्यांची घरं आली, त्यांच्या वाट्याला सगळीच विमानं येतात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात सप्टेंबर २०१४ मध्ये असे नवे मार्ग सुरू झाले, तेव्हा आदल्या पूर्ण वर्षात आल्या नव्हत्या इतक्या तक्रारी एका आठवड्यात आल्या. शहर आणि रहिवासी न्यायालयात गेले. लोकांना नीट विश्वासात न घेता केलेला तो बदल २०१७ साली न्यायालयानं मनमानी ठरवला. विमानतळ आधी होता, तुम्ही नंतर राहायला आलात, हे उत्तर फिनिक्सच्या त्या जुन्या वस्त्यांना देणं शक्यच नव्हतं. त्यांच्याकडे मार्ग चालत आला होता.

आवाज मुलांचं काय करतो, याचा सर्वांत लख्ख पुरावा म्युनिकमध्ये मिळाला. १७ मे १९९२ रोजी तिथला रीममधला जुना विमानतळ बंद झाला आणि शहराबाहेर नवा सुरू झाला. संशोधकांनी ही संधी आधीच हेरली होती. दोन्ही विमानतळांजवळच्या आणि शांत वस्त्यांतल्या शाळकरी मुलांच्या चाचण्या त्यांनी स्थलांतराच्या आधी एकदा आणि नंतर दोनदा घेतल्या. जुन्या विमानतळाजवळची मुलं आधी वाचनात आणि लक्षात ठेवण्यात मागे होती. विमानं गेली, आणि ती सुधारली. नव्या विमानतळाजवळची मुलं आधी ठीक होती. विमानं आली, आणि तीच अडचण त्यांच्यात दिसू लागली. त्यांच्या शरीरातली ताणाची संप्रेरकंही वाढलेली आढळली.

मुलं सवयीनं निगरगट्ट होतात, हा समज या अभ्यासानंतर टिकायला नको होता. ज्या शहरात विमानतळ शाळांना खेटून उभा आहे, तिथल्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्यानं हा अभ्यास वाचलेला असावा अशी अपेक्षा करणं चूक नाही. पुढे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याहून मोठा अभ्यास आला. लंडनचा हीथ्रो, ॲमस्टरडॅमचा स्किपोल आणि माद्रिदचा बराखास या विमानतळांभोवतीच्या ८९ शाळांतली, नऊ-दहा वर्षांची २,८४४ मुलं त्यात होती. विमानांचा आवाज जितका जास्त, तितकं वाचलेलं समजणं कमी, असंच तिथेही दिसलं. हीथ्रोच्या मार्गाखाली असलेल्या हौन्स्लोमधल्या एका शाळेच्या मैदानात २०११ च्या सुमारास मातीच्या पिशव्यांचे घुमट बांधले, बाहेर खेळताना मुलांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून. खेळायला बाहेर पडलेल्या पोराला पुन्हा आडोशाला जावं लागावं, ही गोष्ट मन अस्वस्थ करणारी आहे.

मोठ्यांचा लढा मुख्यतः रात्रीसाठी आहे. हीथ्रोजवळचे आठ रहिवासी रात्रीच्या विमानांविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २००१ साली ते जिंकले. २००३ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं मुख्य मुद्द्यावर तो निकाल फिरवला. देशाच्या अर्थकारणाचा आणि रहिवाशांचा तोल सरकारनं साधला आहे, असं पीठाला वाटलं. त्या भागातल्या घरांच्या किमती पडलेल्या नाहीत, तेव्हा त्यांना नुकसान न होता दुसरीकडे जाता येईल, हाही विचार त्यात होता. घर म्हणजे नुसती किंमत, असं धरलं तरच हे पटेल. तरीही लोकांच्या रेट्याचा परिणाम झालाच. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेतल्या उड्डाणांना वर्षाला ५,८०० ची मर्यादा आहे, आणि जास्त आवाज करणाऱ्या विमानाला जास्त गुण लावून एकूण गुणांवरही मर्यादा घातलेली आहे.

फ्रँकफर्टनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे २०११ च्या ऑक्टोबरमध्ये नवी धावपट्टी सुरू झाली आणि त्यानंतर लोक दर सोमवारी संध्याकाळी थेट विमानतळाच्या टर्मिनलमध्ये जमू लागले. प्रवाशांच्या रांगा एकीकडे, फलक घेतलेले आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं दुसरीकडे. वर्षानुवर्षं हे सोमवार चालले. एप्रिल २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयानं रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतल्या नियोजित उड्डाणांवरची बंदी कायम केली. युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक रोज रात्री सहा तास नियोजित उड्डाणं थांबवतो, आणि त्यामुळे जर्मनीचं अर्थकारण बुडालेलं नाही. सिडनीत तर १९९५ पासून रात्री ११ ते सकाळी ६ ची बंदी कायद्यातच आहे.

जमिनीवरून पसरणाऱ्या आवाजावर स्किपोलनं शोधलेला उपाय मराठी शेतकऱ्याला आवडेल. शेजारची शेतं नांगरलेली असली की धावपट्टीचा आवाज कमी पोहोचतो, असं तिथल्या लोकांच्या लक्षात आलं. मग त्याच धर्तीवर मातीचे उंच वरंबे घालून २०१३ मध्ये तिथे अख्खं उद्यान उभारलं.

आता मुंबई. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर ११ नोव्हेंबर २०२३ रोजी चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. दीड मिनिटाच्या आत एक. हा विक्रम म्हणून सांगितला गेला, आणि विमानतळ चालवणाऱ्यांचं कौशल्य त्यात आहेच. पण जरीमरी, बैलबाजार, कुर्ला या बाजूनं पाहिलं तर त्याचा अर्थ वेगळा होतो. विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. या हिशेबानं धावपट्टीच्या एक किलोमीटर अलीकडे ते जमिनीपासून सत्तर मीटरच्या आसपास असतं, म्हणजे वीस-बावीस मजली इमारतीइतकं उंच. खाली पत्र्याची घरं आहेत.

युरोपात विमानतळाजवळच्या घरांना आवाज अडवणाऱ्या दुहेरी काचा बसवून देतात. मुंबईत हा उपाय अर्धाच लागू पडतो. उकाड्यात खिडकी बंद ठेवायची तर एसी हवा, आणि पत्र्याच्या छपराला काच लावून भागत नाही. शिवाय हजारो झोपड्या विमानतळाच्याच जमिनीवर आहेत आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतो आहे. ज्याला आपलं घर उद्या राहील की नाही याची खात्री नाही, तो विमानाच्या आवाजाचा अर्ज घेऊन कुठल्या कार्यालयात जाणार? आणि सगळेच नंतर आलेले नाहीत. सहार, मरोळ, पार्ल्याची ईस्ट इंडियन गावठाणं मराठीची आपली बोली बोलत विमानतळाच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत.

कायदा काय म्हणतो? सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सवलतीचे काही दिवस सोडले तर गणपतीचा आणि नवरात्रीचा लाउडस्पीकर दहाच्या ठोक्याला बंद करायला पोलीस येतात, ते याच नियमांमुळे. पण विमानतळाच्या आवाजक्षेत्रासाठी २०१८ मध्ये वेगळी मर्यादा आली. वर्षाला ५०,००० हून जास्त विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाभोवती दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल चालतात. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. २० डेसिबलचा फरक म्हणजे आवाजाची ऊर्जा शंभरपट आणि कानाला जाणवणारा आवाज साधारण चौपट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच विमानांच्या आवाजासाठी रात्री ४० डेसिबलच्या खाली राहण्याची शिफारस केली. एकाच वर्षी आलेल्या या दोन आकड्यांमधलं अंतर फार मोठं आहे, आणि ते अंतर कुणीतरी रोज रात्री सोसतं.

हे सगळं आता लिहिण्याचं कारण नवी मुंबईत आहे. तिथल्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. दोन समांतर धावपट्ट्या आणि वर्षाला ९ कोटी प्रवासी, असं त्याचं अंतिम चित्र आहे. उलवे आणि पनवेल परिसरात टॉवर उभे राहत आहेत. घर विकणारे विमानतळ किती जवळ आहे ते सांगतात. त्या घरावरून विमान किती उंचीवरून आणि किती वाजता जाईल, हेही विकत घेणाऱ्याला कळलं पाहिजे.

सिडकोनं, विमानतळ कंपनीनं आणि राज्य सरकारनं तीन गोष्टी आत्ताच कराव्यात. आवाजाचे पट्टे दाखवणारा नकाशा मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत, सोसायटीत आणि शाळेत लावावा. धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या वस्त्यांमध्ये, शाळेच्या गच्चीवर आवाज मोजणारी यंत्रं बसवून त्यांचे आकडे रोज जाहीर करावेत, म्हणजे तक्रार कुणी केली, किती वेळा केली, याला महत्त्व उरणार नाही. आणि रात्रीच्या उड्डाणांची मर्यादा विमानतळ भरायच्या आधी ठरवावी. एकदा रात्रीची वेळापत्रकं कंपन्यांच्या हातात गेली की ती परत मिळवायला किती वर्षं लागतात, ते हीथ्रोच्या लोकांना माहीत आहे. उलव्यात किंवा पनवेलमध्ये घर घेणाऱ्यांनीही बिल्डरकडे हा नकाशा मागावा, आणि तो हातात पडल्याशिवाय सही करू नये.