मयना आणि बिनोदिनी

उत्तर कोलकात्यात बागबाजार भागात गिरीश ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. नटश्रेष्ठ गिरीशचंद्र घोष यांचे घर आजही या रस्त्याच्या मधोमध उभे आहे. रस्ता त्याला वळसा घालून जातो. जवळच 'गिरीश मंच' हे सरकारी नाट्यगृह १९८६ पासून चालते. गिरीशबाबूंचा हा मान योग्यच आहे. परंतु त्यांच्याच तालमीत घडलेल्या बिनोदिनी दासीचे नाव नाट्यगृहावर लागण्यासाठी २०२४ च्या अखेरीस सरकारी घोषणा व्हावी लागली. तेही लागले हातीबागानच्या 'स्टार'वर, जिथे तिने कधी भूमिका केली नव्हती. तिचे 'स्टार' बीडन स्ट्रीटवर होते. हातीबागानचे उभे राहिले १८८८ मध्ये, तिने रंगभूमी सोडल्यानंतर.

या निमित्ताने उत्पल दत्त यांच्या 'टिनेर तलोआर', म्हणजे 'पत्र्याची तलवार', या नाटकातील मयनेची आठवण होणे साहजिक आहे. १९७१ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा काळ आहे १८७६ चा, इंग्रज सरकारने नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा आणला तेव्हाचा. मयना रस्त्यावर भाजी विकणारी मुलगी. नाटक मंडळीचा कप्तान बेणीमाधव तिचा आवाज हेरतो, तिला वळण लावतो, नटी करतो. मग धनिक मालक वीरकृष्ण अट घालतो : नाट्यगृह हवे असेल तर मयना माझी. आणि कप्तान ती मान्य करतो.

ही केवळ कल्पना नव्हे. १८८३ साली गुर्मुख राय या तरुण मारवाडी व्यापाऱ्याने नेमकी हीच अट घातली होती, आणि बिनोदिनीने ती सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर पत्करली. नाटकाचा नाद सोडलास तर पन्नास हजार रुपये देतो, असेही त्याने सांगून पाहिले होते; तिने ते नाकारून नाट्यगृह मागितले. बांधकाम चालू असताना मातीच्या टोपल्या तिने स्वतः वाहिल्या. नाट्यगृहाला तिच्या नावावरून 'बी थिएटर' म्हणायचे ठरले होते. नोंदणीच्या वेळी ते 'स्टार' झाले. पुढे गुर्मुखने अंग काढून घेतले तेव्हा मालकीचा हिस्सा तिला मिळावा अशी त्याची इच्छा होती, पण गिरीशबाबूंनी तिच्या आईची समजूत घालून तो नाकारायला लावला, असे ती लिहिते. अकरा हजार रुपयांत नाट्यगृह चौघा पुरुषांच्या मालकीचे झाले.

हा सर्व व्यवहार पुसट करणारी एक आख्यायिका मात्र घराघरात पोहोचली. १८८४ साली 'चैतन्यलीला'मध्ये बिनोदिनीने चैतन्यांची भूमिका केली, श्रीरामकृष्णांनी प्रयोग पाहून तिला आशीर्वाद दिला, आणि पतितेचा उद्धार झाला! कोणाच्या श्रद्धेशी येथे वाद नाही. पण ज्या भद्रलोकांनी तिच्या देहाच्या मोबदल्यात रंगमंच मिळवला, त्यांना उद्धाराची ही कथा फार सोयीची पडली. उद्धार झालेल्या स्त्रीने हिस्सा मागायचा नसतो.

उत्पल दत्तांचे श्रेय हे की, त्यांनी आख्यायिकेचा हा पडदा फाडला आणि सौद्याला सौदा म्हटले. तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. नाटकाचा कळस कप्तानाचा आहे. ऐन प्रयोगात तो 'सधवार एकादशी'चे संवाद टाकून तितुमीर होतो आणि प्रेक्षागृहातील इंग्रजाला आव्हान देतो. प्रसंग रोमांचकारी आहे, पण मयनेचे जे देणे आहे ते त्या आव्हानाने फिटत नाही. साम्राज्यशाहीविरुद्ध उभा राहणारा तोच पुरुष आपल्या शिष्येला विकतो, हा पेच नाटककाराने निर्माण केला खरा, पण टाळ्यांच्या गजरात तो मागे पडतो. मयनेला लेखणी दिलेली नाही.

मराठी वाचकाने येथे आपल्याकडेही पाहावे. बंगाली व्यावसायिक रंगभूमीवर १८७३ पासून स्त्रिया आल्या. आपल्याकडे किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून बालगंधर्वांच्या वैभवापर्यंत नायिका पुरुषच होते, म्हणून हा प्रश्न प्रतिष्ठित नाट्यगृहाच्या दारापर्यंत आलाच नाही. तो तमाशाच्या फडात होता, आणि फडाचा इतिहास लिहिण्याची घाई कोणाला नव्हती. राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या विठाबाई नारायणगावकरांचे २००२ साली निधन झाले; त्यांचे अखेरचे दिवस पैशाच्या ओढगस्तीत गेले.

मयनेहून बिनोदिनी मोठी ठरते ती येथेच. अवघ्या बारा वर्षांत असंख्य भूमिका गाजवून तिने ऐन भरात रंगमंच सोडला आणि १९१२ साली 'आमार कथा' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात ती गुरूला देव मानते आणि त्याच गुरूने काय केले तेही सांगते. भक्ती आणि हिशेब एकाच पानावर येतात. कोणत्याही नाटककाराला अशी नायिका रचणे अवघड आहे. पुस्तकासाठी गिरीशबाबूंनी प्रस्तावना लिहून दिली, तेव्हा त्यात सर्व सत्य आलेले नाही म्हणून तिने ती परत केली. दुसरी लिहून देईन, असे ते म्हणाले. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते वारले. पुस्तक प्रस्तावनेवाचून निघाले. ती जुनी प्रस्तावना पुढच्या आवृत्तीत छापली गेली, आणि आपल्याला ती अपुरी का वाटली होती, हेही बिनोदिनीने सोबत लिहून ठेवले.