व्याख्यानाची तारीख कोण ठरवतं?

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि मध्ये एखादी जयंती. आपल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत वाचनालयाच्या कार्यक्रमांचं वर्ष एवढ्यातच आटपतं. पाहुणे लेखक येतात, शाल-श्रीफळ होतं. शाळेची मुलं रांगेनं आणून पुढे बसवलेली असतात, गावातली मोठी माणसं मात्र मोजकीच. मग समितीतलं कुणीतरी म्हणतं, "हल्ली लोकांना वाचायला नकोच." मला हे मुळीच पटत नाही. आपण तारीख ठरवतो ती कॅलेंडरवरचा दिनविशेष बघून. गावाला कधी सवड असते, हे विचारायचं राहूनच जातं.

आता रविवारचंच घ्या. किहीम, नागाव, काशीद, दिवेआगर इथे रविवार म्हणजे सर्वांत जास्त कामाचा दिवस. घरोघरी मुंबई-पुण्याचे पर्यटक उतरलेले, बाया सकाळपासून चुलीपुढे, पोरं खोल्यांच्या चाव्या आणि चहाच्या किटल्या घेऊन पळत असतात. अशा वेळी संध्याकाळी पाचला व्याख्यान ठेवलं तर यायचं कुणी? तेच मंगळवारी रात्री जेवणं उरकल्यावर ठेवा. गर्दी उसळेल असं मी म्हणत नाही, पण जी माणसं एरवी कधीच दिसत नाहीत ती दिसतील.

कोळीवाड्याचं गणित तर आणखी वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, तांडेल आणि खलाशी जाळी दुरुस्त करत बसलेले. वर्षभर समुद्रावर असणारी ही माणसं याच दोन महिन्यांत संध्याकाळी घरी सापडतात, आणि नेमक्या याच काळात आपली वाचनालयं 'पावसात कोण येणार' म्हणून कार्यक्रम बंद ठेवतात. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात हे खरं. पण भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो सुरू झाली आहे आणि समुद्र फारच खवळलेला नसेल तर ती पावसातही चालते. मुंबईच्या लेखकाला आणायचं मनात असेल तर आणता येतं.

त्याच गावातल्या शेतकऱ्याला मात्र जुलैत लावणीमुळे मान वर करायला फुरसत नसते. त्याच्यासाठी झोडणी उरकल्यापासून शिमग्यापर्यंतचे दिवस बरे. म्हणजे एकाच गावात दोन वेळापत्रकं सांभाळायची. हे कटकटीचं आहे, पण त्याला पर्याय नाही.

वेळ जुळली की विषयाचं बघायचं. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी समोर दिसतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मायनाक भंडारींनी १६७९ मध्ये तिथे तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. या विषयावरचं एक व्याख्यान मी किनाऱ्यावरच्या एका छोट्या वाचनालयात ऐकलं. इंग्रजांची मोठी जहाजं समोर उभी असताना मराठ्यांच्या लहान होड्या रात्री रसद घेऊन बेटावर कशा पोचत, हे वक्ते सांगत होते. मागच्या बाकावरून एक म्हातारे तांडेलकाका उठले. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज कसं अडकतं, वल्ह्याची होडी उथळ पाण्यातून कशी निसटते, कुठल्या भरतीला कुठून निघायचं, हे त्यांनी हातवारे करून समजावलं. वक्ते वही काढून लिहून घेऊ लागले. पाहुण्यानं बोलायचं आणि गावानं टाळ्या वाजवायच्या, या चालीपेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे.

असे विषय गावोगाव आहेत. आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो. चरीचा शेतकरी संप १९३३ ला सुरू झाला आणि सहा वर्षं चालला. त्यात पिचलेल्या आणि टिकलेल्या घरांची नातवंडं आज याच खारपट्टीत राहतात. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं निसर्ग वादळ आलं आणि सुपारीच्या बागा झोपवून गेलं. त्या दिवशी कुणाच्या घरात काय झालं, हे लोकांनीच येऊन सांगावं आणि वाचनालयानं लिहून ठेवावं. यासाठी बाहेरचा लेखकही लागत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक देणाऱ्या बायका काही ठिकाणी आहेतच. त्यांना त्याच दिवशी तासभर वाचनालयात बसवलं तर आणखी एक कार्यक्रम उभा राहतो.

पैशांची अडचण खरी आहे. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड असे दर्जे आणि दर्जाप्रमाणे अनुदान. त्यातली निम्मी रक्कम पगाराकडे जाते. ती जाऊनही 'ड' दर्जाच्या गावातल्या ग्रंथपालाच्या हाती जे पडतं, त्यावर घर चालणं अशक्य. २०१२ नंतर अनेक वर्षं तर नवी मान्यता आणि दर्जावाढच थांबलेली होती. उरलेल्या पैशांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, विजेचं बिल. पाहुण्याच्या मानधनाला त्यात जागा कुठली? सरकारनं अनुदान ठरवताना असे कार्यक्रम वेगळे धरायलाच हवेत.

तोवर दोघांना विनंती. मुंबई-पुण्याचे लेखकहो, तुम्ही सुट्टीला आमच्या किनाऱ्यावर येताच. त्यातली एक संध्याकाळ जवळच्या वाचनालयाला द्या, मानधन न घेता द्या, आणि ऐकायच्या तयारीनं या. आणि वाचनालयांच्या समित्यांनो, ३१ मेच्या आत कोळीवाड्यात जाऊन या. जूनमधली एक रात्र त्यांनाच ठरवू द्या.