खिडकीवर नोट चालली पाहिजे

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई





मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं रोखपाल होते. फाटकी नोट, ओली नोट, पदराच्या गाठीत चुरगळलेली नोट, सगळ्या या हातांनी सरळ केल्या, मोजल्या आणि गड्डीत लावल्या. चांगली, खरी नोट कुणी खिडकीवरून परत करताना माझ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. ते गेल्या पावसाळ्यात पाहिलं, म्हणून हे पत्र.

आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात, कॅन्टीनच्या रांगेत मी उभी होते. माझ्या पुढे मुरबाडकडच्या एका पाड्यावरून आलेल्या आजी होत्या. नातू वरच्या मजल्यावर सलाइन लावून निजलेला. त्यांनी चहा आणि बिस्किटाचा पुडा मागितला, शंभराची नोट पुढे केली. गल्ल्यावरच्या मुलाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘फक्त ऑनलाइन पेमेंट.’ आजींना वाटलं, सुटे नाहीत म्हणून नाही म्हणतोय. ‘उरलेले मागनं दे, बाबा,’ त्या म्हणाल्या. तरी तो मान हलवतच राहिला. मग आपली नोटच खोटी निघाली की काय, या धास्तीने त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली.

मी फोनवरून पैसे भरले. आजींनी ती नोट माझ्या हातात कोंबली. नको म्हटलं तरी ऐकेनात. फुकटचा चहा त्यांना नको होता, आणि तो त्यांनी मागितलाही नव्हता.

मी मोबाइलच्या व्यवहाराविरुद्ध नाही. भाजी, दूध, विजेचं बिल मी फोनवरूनच देते. एसटीत सुट्या पैशांवरून कंडक्टरशी होणारी वादावादी तिकीट यंत्रावरच्या क्यूआर कोडने कमी केली, हे मी रोज बघते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. एवढी माणसं सोय नसती तर तिकडे वळली नसती. साध्या फोनवरून पैसे देण्याची सोयही आपण मार्च २०२२ मध्ये सुरू केलीत. पण तिलाही बँकेत खातं लागतं, खात्याला जोडलेला नंबर लागतो, पिन लक्षात ठेवावा लागतो. त्या आजींकडे फोनच नव्हता.

मुरबाड तालुक्यातलंच धसई हे गाव आपल्याला आठवत असेल. नोटाबंदीनंतर महिनाही झाला नाही तोच, १ डिसेंबर २०१६ रोजी, ते राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानादुकानांत कार्डाची यंत्रं बसली. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरून माणसं येतात ती मजुरीचे रोख पैसे घेऊन, हे मात्र जाहीर केल्याने बदलत नव्हतं. तिथले व्यवहार पुन्हा रोखीवर आल्याच्या बातम्या लवकरच वाचायला मिळाल्या. देशाचंही तेच झालं. नोटाबंदीच्या वेळी चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपये होते. आज त्याच्या दुपटीहून अधिक आहेत. फोनवरचे व्यवहार वाढले आणि नोटाही वाढल्या. लोकांना दोन्ही हवं आहे.

आणि नोट किती विचार करून घडवलेली असते, हे आपल्याला मी काय सांगावं? शंभराच्या नव्या नोटेच्या कडांना चार तिरप्या उठावदार रेघा असतात, पाचशेच्या नोटेला पाच. आमच्या शाखेत एक दृष्टिहीन खातेदार यायचे. अंगठा कडेवरून फिरवायचे आणि माझ्या आधी रक्कम सांगायचे. कुणाला विचारावं लागत नसे, कुणावर विसंबावं लागत नसे. मागच्या बाजूला पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली, त्यात आपली मराठीही. देशातल्या प्रत्येकाला धरून चालणारी अशी दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही.

रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ही नोट भारतात कुठेही कायदेशीर चलन आहे. तरीही पाटी लावून ती नाकारता येते. याउलट, ५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यावसायिकाने ठरावीक इलेक्ट्रॉनिक मार्गांनी पैसे घेण्याची सोय ठेवलीच पाहिजे, असं प्राप्तिकर कायद्यात २०१९ मध्ये आलं, आणि न ठेवल्यास दिवसाला ५,००० रुपये दंड. फोनवाल्यासाठी दंडासकट नियम झाला. नोटवाल्यासाठी तसा नियम कुठे आहे? नॉर्वेसारख्या, रोख जवळजवळ विसरलेल्या देशानेसुद्धा १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने पक्का केला.

दहा रुपयांची नाणी दुकानदार घेईनात, तेव्हा २०१८ मध्ये आपल्या बँकेने चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत असं जाहीर पत्रक काढलं होतं. खिडकीवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना त्या पत्रकाचा फार आधार झाला. गिऱ्हाइकाला दाखवता येत होतं.

तसंच एक पत्रक आता नोटांसाठी काढा. रुग्णालय, औषधाचं दुकान, रेशन, प्रवासाचं तिकीट, शाळा-कॉलेजची फी, सरकारी कार्यालय आणि यांच्या आवारातली कॅन्टीन, इथे रोख नाकारता येणार नाही, असं त्यात स्वच्छ मराठीत आणि प्रत्येक राज्याच्या भाषेत लिहा. कायदा बदलावा लागत असेल, तर तशी शिफारस अर्थ मंत्रालयाकडे पाठवा. तक्रार कुठे करायची, तो नंबर पत्रकाच्या तळाशी मोठ्या अक्षरात छापा. सुरुवात रुग्णालयांपासून करा. तिथे आलेल्या माणसाजवळ थांबायला वेळ नसतो आणि दुसरीकडे जायला जागा नसते.

आपली नम्र,
एक निवृत्त रोखपाल